कमी बजेटमध्ये जुनी इटालियन स्पोर्ट्स बाईक घ्यायचीय? मग आधी एवढं बघा

जुनी इटालियन स्पोर्ट्स बाईक घेताना बहुतेकांची चूक गाडी बघायला जायच्या आधीच झालेली असते, बजेट ठरवताना. हातात जेवढे पैसे आहेत तेवढ्याची गाडी शोधायची, सगळे देऊन मोकळं व्हायचं, आणि मग महिन्याभरात मेकॅनिक सांगतो की इंजिनातले टायमिंग बेल्ट बदलायचेत, टॅपेट करायचेत म्हणजे व्हॉल्वचे गॅप मोजून सेट करायचेत, टायर दगडासारखे झालेत, पुढच्या शॉकअपचे ऑईल सील गळतायत, आणि गाडी कव्हर घालून जी कोपऱ्यात उभी राहते ती वर्ष-वर्ष. अशा उभ्या गाड्या मी बऱ्याच बघितल्यात आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण गाडी मुळात चांगली असते, तिला लागणारे पैसे तेवढे कुणी बाजूला ठेवलेले नसतात.

म्हणून सगळ्यात आधी, एकूण पैशातला किमान चौथा हिस्सा बाजूला काढा आणि तो आपल्याकडे नाहीच असं समजा. उरलेल्यात गाडी शोधा. आणि बेल्टवाल्या गाडीची शेवटची सर्व्हिस कधी झाली त्याची एकही पावती नसेल तर चौथा नाही, तिसरा हिस्सा काढा.

दुसरं अगदी ठामपणे सांगतो. त्याच पैशात मोठ्या नावाची गाडी हाल झालेल्या अवस्थेत मिळत असेल आणि लहान मॉडेल नीट सांभाळलेलं मिळत असेल, तर डोळे झाकून लहान घ्या. स्वस्तातलं डुकाटी ९१६ म्हणून काही नसतं, जे पैसे वाचले असं वाटतं ते सगळे नंतर द्यावेच लागतात, वर आणखी थोडे.

आणि गाडी शोधायच्या आधी मेकॅनिक शोधा. ह्या गाड्यांवर रोज हात चालवणारा माणूस किती लांब आहे, तो जुनी मॉडेलं घेतो का, त्याच्याकडे ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, लावायचं सॉफ्टवेअर आहे का, हे विचारून ठेवा. त्यालाच विचारा की तुझ्याकडे सगळ्यात जास्त कुठल्या गाड्या काय काम घेऊन येतात. दहा मिनिटांच्या त्या बोलण्यात जे कळतं ते महिनाभर जाहिराती चाळून कळत नाही.

कुठली गाडी

डुकाटीचं इंजिन समजून घेतल्याशिवाय डुकाटी बघायला जाऊ नका. नेहमीच्या इंजिनात व्हॉल्व, म्हणजे हवा आत आणि धूर बाहेर सोडणारी झडप, उघडायचं काम फिरणारा कॅम करतो आणि बंद करायचं स्प्रिंग. डुकाटीच्या डेस्मो पद्धतीत बंद करायचं कामसुद्धा कॅम आणि रॉकर नावाचे छोटे दांडेच करतात. फाबियो टालिओनी ह्या इंजिनिअरने १९५६ मध्ये १२५ सीसीच्या रेसिंग डुकाटीत हे आणलं आणि पुढे कंपनीने कित्येक दशकं ते सोडलं नाही. ऐकायला मस्त आहे, चालवायला त्याहून मस्त आहे, पण खर्च इथेच आहे, कारण प्रत्येक व्हॉल्वचा उघडायचा गॅप वेगळा आणि बंद व्हायचा वेगळा. दोन सिलेंडर आणि प्रत्येकी दोन व्हॉल्व असतील तर आठ गॅप मोजायचे, चार-चार व्हॉल्व असतील तर सोळा. शिवाय तिथपर्यंत पोचायला फेअरिंग म्हणजे बाहेरचं प्लॅस्टिकचं आवरण, टाकी, एअरबॉक्स म्हणजे एअर फिल्टरचा डबा, सगळं उतरवायचं. पार्ट्सचा खर्च कमी आणि मजुरीचा जास्त असं हे काम आहे.

ह्या हिशोबाने पहिली इटालियन म्हणून मला सगळ्यात आवडते ती एअर-कूल्ड सुपरस्पोर्ट, म्हणजे ७५० किंवा ९०० एसएस. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, आठच गॅप, आणि हाताने शिकून करायची तयारी असेल तर अर्धी कामं घरी होतात. कार्ब्युरेटरवाली ९० च्या दशकातली असेल तर हँडलच्या मुळाशी फ्रेमच्या वेल्डला आणि मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला चीर आहे का ते टॉर्च लावून बघा, आणि सिलेंडर धरून ठेवणारे स्टड तुटायचे प्रकार त्या काळातल्या इंजिनांत झालेत म्हणून सिलेंडरच्या बुडाशी तेलाचे ओघळ आहेत का तेही बघा. पुढे फ्युएल इंजेक्शनवाली, पिएर टेरब्लांशने डिझाईन केलेली आली, तिचं रूप सगळ्यांना आवडलं नाही, पण चालवायला ती गुणी गाडी आहे.

मग ९१६ चं घराणं. १९९४ मध्ये मासिमो तांबुरिनीने डिझाईन केलेली ९१६ आली, मागोमाग ७४८, मग ९९६, मग ९९८. गाडी म्हणून ह्यांच्याबद्दल मी काय बोलणार, पण बजेट कमी असेल तर जपून. टॅपेट दर १०,००० किलोमीटरला, बेल्ट २०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षं, जे आधी होईल ते. रॉकरच्या वरचं क्रोम सोलपटून निघायचं दुखणं ह्या इंजिनांत सगळ्यांना माहीत आहे, म्हणून शेवटचे टॅपेट करताना रॉकर बघितले होते का हे विकणाऱ्याला स्पष्ट विचारा. त्याला प्रश्नच कळला नाही तर उत्तर मिळालं असं समजा.

त्यानंतर २००३ ची ९९९ आणि ७४९, ही पुन्हा टेरब्लांशची. लोकांनी तिला तेव्हा दिसण्यावरून खूप बोल लावले आणि माझ्या मते फार अन्याय केला, कारण चालवायला ती ९१६ पेक्षा जास्त सोपी आणि बसायलाही जरा बरी. लोकांना कमी आवडली म्हणूनच ती तुमच्या कामाची, ७४९ नीट सांभाळलेली मिळाली तर अजिबात मागेपुढे बघू नका. २००८ च्या ८४८ मध्ये क्लच ऑईलमधला आहे आणि टॅपेट १२,००० किलोमीटरला, तर तिच्या मोठ्या बहिणीत, १०९८ मध्ये, जुन्यासारखा ड्राय, म्हणजे ऑईलच्या बाहेरचा क्लच. बेल्टच नको असेल तर ८९९ पानिगाले, तिथे कॅमला चेन आहे आणि टॅपेट २४,००० वर, पण तिथपर्यंत बजेट पोचतं का ते तुम्ही बघा.

एप्रिलियाची आरएसव्ही मिले ही कमी पैशातली सगळ्यात शहाणी निवड आहे असं मला मनापासून वाटतं. १९९८ पासूनची, ९९८ सीसीचं ६० अंशांचं व्ही-ट्विन म्हणजे दोन सिलेंडरचं इंजिन, इंजिन ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सने बनवलेलं, बेल्ट नाही, डेस्मो नाही, इंजिनाच्या पोटात दणकट माल. तिची दुखणी बहुतेक विजेची असतात. चार्जिंग सांभाळणाऱ्या रेग्युलेटरकडे जाणारा तपकिरी कपलर गरम होऊन वितळतो, बॅटरीच्या वायरी मुळातच जरा बारीक, आणि बॅटरी कमजोर असताना सारखा सेल्फ मारला की सेल्फला इंजिनाशी जोडणारा स्प्रॅग क्लच जातो. ह्यातलं काहीही गाडी नाकारण्याएवढं मोठं नाही, फक्त किंमत ठरवताना धरायचं. एक बारीक गोष्ट, हिचं ऑईल वेगळ्या टाकीत असतं आणि ते इंजिन गरम असताना बघायचं असतं. थंड असताना बघून लोक वरून ओतत राहतात आणि जास्तीचं ऑईल एअरबॉक्समध्ये येतं, म्हणून एअरबॉक्सच्या नळीत ऑईल दिसलं तर लगेच इंजिन गेलं म्हणून घाबरू नका. मागचा ब्रेक लागत नाही अशी तक्रार सगळेच करतात, तो तसाच आहे.

मोटो गुझीची व्ही ११ स्पोर्ट तर लोक विसरूनच जातात. जड आहे, वळायला आरामात वळते, ट्रॅकवर तुम्ही हरणार. पण दोन्ही सिलेंडर बाहेर डोकावतात, टॅपेट स्क्रू आणि नटाने सेट होतात, चेनच्या जागी शाफ्ट, आणि फेअरिंगचा पसारा फारसा नाही. सुरुवातीच्या काही गाड्यांत गियरबॉक्समधली सिलेक्टरची स्प्रिंग तुटते, ती बदललीय का विचारा. स्वतः पाना धरायची हौस असेल तर ह्याहून समाधान देणारी गाडी मिळणार नाही.

एमव्ही अगुस्ताची एफ४ आणि एफ३, दोन्ही इतक्या सुंदर आहेत की समोर उभं राहिल्यावर हिशोब सुचत नाही, म्हणून हिशोब घरून करून जा. गाडी बघायच्या आधी ब्रेक लिव्हर, एक इंडिकेटर, वॉटर पंप आणि फेअरिंगचा एक तुकडा, एवढ्या चार पार्ट्सची चौकशी करून बघा. किती दिवसांत आणि कितीला मिळतात ते कळलं की ही गाडी आपली की नाही ते तिथेच ठरतं. बिमोटा कमी बजेटमध्ये नकोच, इंजिन बऱ्याचदा दुसऱ्या कंपनीचं असलं तरी बाकीचं सगळं हाताने, थोडक्या संख्येत बनवलेलं आहे. आणि एप्रिलियाची टू-स्ट्रोक आरएस २५०, जिच्यात सुझुकी आरजीव्हीचं इंजिन आहे, ती घ्यायची तर पिस्टनचं काम किती किलोमीटरपूर्वी झालं एवढा एकच प्रश्न महत्त्वाचा.

गाडी बघताना

फोनवरच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. एकदा मी असाच एक गाडी बघायला गेलो, लाल रंग, स्वच्छ पुसलेली, विकणारा माणूस गोड बोलणारा, आणि तो बोलत असताना मी सहज इंजिनाच्या केसवर तळहात ठेवला तर ती चांगलीच कोमट. सकाळी जरा फिरवून आणली म्हणाला. मी म्हटलं ठीक आहे, मी संध्याकाळी परत येतो, तोवर हात लावू नका. संध्याकाळी सेल्फ दाबला तर इंजिन अर्धा फेरा फिरून थांबलं, दुसऱ्यांदा तेच, चौथ्या-पाचव्यांदा कशीबशी पेटली आणि मागून निळा धूर निघाला तो थांबेचना. त्या माणसाकडे बघवेना मला. थंड गाडी खोटं बोलत नाही, म्हणून ह्या एका अटीवर अडून बसा.

गाडी पेटली की मल्टिमीटर लावा, शंभर ग्रॅमचं यंत्र आहे, खिशात मावतं. बंद गाडीला बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, आणि चालू करून ४,००० आरपीएमवर धरली की १३.८ ते १४.४ च्या मध्ये. १३ च्या खाली असेल किंवा १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर नाहीतर वीज तयार करणारा स्टेटर, दोघांपैकी कुणीतरी आजारी आहे. त्या काळातल्या इटालियन गाड्यांत रेग्युलेटर जाणं नेहमीचं. पण मीटरवर भागवू नका, सीट काढून कपलर हातात घ्या आणि उघडून बघा. चांगल्या कपलरचं प्लॅस्टिक चकचकीत असतं, जळायला लागलेल्याचं एका पिनभोवती आधी मळकट पिवळं होतं, मग तपकिरी, मग कडा मऊ होऊन वाकलेल्या दिसतात आणि नाकाजवळ नेलं तर करपलेला वास येतो. वायर त्या टोकाशी वाकवून बघा, मऊ राहिली नसेल आणि काडीसारखी ताठ झाली असेल तर आतलं तांबं बरेच दिवस तापत आलंय.

बेल्टवाली गाडी असेल तर बेल्टचं कव्हर उघडायला सांगा, थोडेसेच स्क्रू असतात. बेल्टच्या कडा कुरतडल्यासारख्या, दात झिजलेले किंवा ऑईल लागलेलं दिसलं तर लगेच बदलायचे. पण वरून छान दिसणारा बेल्टसुद्धा वयाने संपतो, कारण रबर कमी चालवल्याने वाचत नाही. म्हणून कमी रनिंगची गाडी म्हणजे चांगली गाडी हे डोक्यातून काढून टाका. दहा वर्षांत ६,००० किलोमीटर झालेल्या आणि एकदाही बेल्ट न बदललेल्या गाडीपेक्षा ४०,००० झालेली आणि सगळ्या पावत्या असलेली मी कधीही घेईन. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्ववर आदळतो आणि मग जे बिल येतं त्यात दुसरी गाडी आली असती. मी स्वतः घेतलेल्या ९०० एसएसच्या कव्हरच्या आतल्या बाजूला आधीच्या मालकाने पांढऱ्या मार्करने तीन तारखा लिहिल्या होत्या, एकाखाली एक, प्रत्येकीपुढे किलोमीटर. ते अक्षर बघूनच मी घासाघीस करायची सोडली.

ड्राय क्लच असेल तर लिव्हर दाबल्यावर खडखड वाढते, डब्यात नाणी हलवल्यासारखी, ते नॉर्मल आहे आणि कित्येकांना तो आवाज गाण्यासारखा वाटतो. बघायचं ते हे, की प्लेटा धरणाऱ्या क्लच बास्केटच्या दातांना खाचा पडल्यात का आणि गाडी गियरमध्ये झटके मारून उचलतेय का. प्लेटा आणि बास्केट बदलणं सोपं काम आहे. लिव्हरच्या दाबाने क्लच ढकलणारा खालचा स्लेव्ह सिलेंडर मात्र हमखास गळतो, पुढच्या स्प्रॉकेटच्या आसपास ओलं आणि तिथला रंग फुगलेला दिसला तर तोच.

पडलेली गाडी ओळखायला फेअरिंग बघू नका, फेअरिंग नवीन मिळते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि फ्रेमवर ते जिथे टेकतं तो स्टॉप बघा, तो चेपलेला किंवा तुटलेला असेल तर गाडी जोरात आपटलीय. मग लिव्हरची टोकं, फूटरेस्टची टोकं, इंजिन कव्हरच्या खालच्या कडा, सायलेंसरची बाहेरची बाजू. एका बाजूचं सगळं नवीन आणि दुसऱ्या बाजूचं जुनं असेल तर कारण विचारा. पुढचं चाक उचलून हँडल हळूच फिरवा, मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोन सेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेलाय. ऑईलच्या बोल्टला किंवा कॅलिपरच्या बोल्टला तार ओवायची बारीक भोकं दिसली तर गाडी ट्रॅकवर गेलेली आहे. ते वाईटच असं नाही, ट्रॅकवाले लोक सर्व्हिस नीट करतात, पण विकणारा म्हणत असेल की फक्त रविवारी फिरवायचो, तर मग त्याच्या बाकीच्या बोलण्याचंही तेवढंच धरा.

२००५ नंतरच्या काही डुकाटींना प्लॅस्टिकची टाकी आहे आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने ती फुगते. टाकी उचलून परत बसवायला सांगा. बोल्टची भोकं जुळत नसतील, टाकी पुढे फ्रेमला घासत असेल, तर फुगलीय.

टायरवर चार आकडे असतात, २३१८ म्हणजे २०१८ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असू दे, सहा-सात वर्षांच्या पुढचा टायर किमतीतून वजा करा. ब्रेक डिस्कवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, मोजून घ्या.

आफ्टरमार्केट सायलेंसर असेल तर ओरिजिनल ठेवलाय का आणि ईसीयूचं मॅपिंग केलंय का ते विचारा. आणि चाव्या! २००० च्या आसपासच्या बऱ्याच डुकाटींना काळ्या चाव्यांसोबत एक लाल चावी आणि कोड कार्ड यायचं. इमोबिलायझरला, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय गाडी चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेला, नवी चावी शिकवायची तर लाल चावी लागते, ती हरवली असेल तर पुढे फार मनस्ताप, तेव्हा ती समोर ठेवायला सांगा.

कागद आणि फेरी

फ्रेमवरचा नंबर, इंजिनवरचा नंबर आणि कागदावरचे नंबर स्वतः वाचून जुळवा. डुकाटीचा चॅसी नंबर झेडडीएमने सुरू होतो, एप्रिलियाचा झेडडी४ ने, एमव्हीचा झेडसीजीने. नंबरवर घासल्याच्या खुणा असतील तर तिथून निघा, कितीही स्वस्त असू दे. कर्ज थकलंय का, गाडीवर रिकॉल होता का, म्हणजे दोष काढायला कंपनीने ती परत बोलावली होती का, आणि तो केलाय का, हे चॅसी नंबरवरून विचारून घ्या.

चालवायला मिळाली तर आधी पाच मिनिटं सावकाश. २,५०० आरपीएमच्या खाली मोठं ट्विन जरा अडखळतं, हे स्वभावाचं आहे, तिला दोष देऊ नका. बघायचं ते हे, की सरळ रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर लिव्हरला धडधड येते का, दुसऱ्या गियरमधून दाबून पिकअप घेतल्यावर गियर सुटतो का, आणि थांबल्यावर पंखा वेळेवर लागतो का. परत आल्यावर बंद करून दहा मिनिटं थांबा आणि गरम असताना पुन्हा सेल्फ मारा. थंड पेटणारी आणि गरम न पेटणारी गाडी तुम्हाला घरापासून लांब कुठेतरी उभी करणार.

गाडी आवडली तरी त्याच दिवशी पैसे देऊ नका, एक रात्र जाऊ द्या आणि फोटो मेकॅनिकला दाखवा. घेतलीच, तर बाजूला ठेवलेल्या पैशातून ह्या क्रमाने: बेल्ट आणि टेन्शनरचे बेअरिंग, टायर, ब्रेक आणि क्लचचं फ्लुईड, इंजिन ऑईल, बॅटरी, मग टॅपेट. पॉलिश, लिव्हर, कार्बनचे तुकडे वगैरे सगळं पुढच्या वर्षी. आणि बेल्ट बसवून झाले की कव्हर लावायच्या आधी आतून तारीख आणि किलोमीटर लिहायला मेकॅनिकच्या हातात मार्कर द्या.